अपराध पोटात घालणारा न्यायाधीश

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लाखीश नावाच्या गावाचा शेवट दगडात कोरलेला आहे. इ.स.पू. 701मध्ये असिरियाचा राजा सन्हेरीब यानं यहूदाच्या राज्यातलं हे तटबंदीचं गाव जिंकलं आणि निनवे इथल्या आपल्या राजवाड्यात एका खोलीच्या भिंतींवर तो पराक्रम कोरून घेतला. बैलगाड्यांवर बोचकी लादून बायकापोरं गाव सोडून निघाली आहेत. तटाबाहेर माणसं सुळांवर चढवली आहेत. दोन कैद्यांना जमिनीवर ताणून त्यांची कातडी सोलली जाते आहे. राजा सिंहासनावर निवांत बसला आहे. ही कुणी शत्रूनं केलेली बदनामी नव्हे. येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहावं म्हणून राजानंच मांडलेलं हे प्रदर्शन होतं. असिरियन शिल्पकारांचा हात किती सराईत होता हे मुंबईतही पाहायला मिळतं. निमरूद इथल्या असिरियन राजवाड्यातले काही शिल्पपट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

आता असं समजा, की या निनवेला देवानं माफ केलं.

बायबलमध्ये नेमकं हेच सांगणारं एक चिमुकलं पुस्तक आहे, योनाचं. अवघे चार अध्याय. देव योनाला सांगतो, निनवेला जा आणि तुमचा नाश जवळ आला आहे असं त्यांना बजाव. योना बंदरावर जातो आणि थेट उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. मग वादळ, मग त्याला गिळणारा मासा. तो भाग लहान मुलांनाही पाठ असतो. पण योना का पळाला? भीतीनं, असं आपण धरून चालतो. खरं कारण पुस्तक चौथ्या अध्यायापर्यंत दडवून ठेवतं. अखेर योना निनवेला जाऊन इशारा देतो. तिथला राजा राखेत बसतो, गुराढोरांच्याही अंगावर गोणपाट चढतं, सगळं शहर पश्चात्ताप करतं आणि देव शिक्षा मागे घेतो. तेव्हा योना संतापून देवालाच सुनावतो: तू दयाळू आहेस हे मला आधीपासून ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो. यापेक्षा मरण बरं.

या माणसाला कोत्या मनाचा म्हणून निकालात काढणारी प्रवचनं मी ऐकली आहेत. मला ती पटत नाहीत. योना इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याचा. ते राज्य पुढे इ.स.पू. 722च्या सुमारास याच असिरियानं पुसून टाकलं. हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वाचलं त्यांना हा शेवट माहीत होता. योनाचा राग हा सुळावर चढलेल्यांच्या बाजूचा राग आहे. त्यांच्या वतीनं तो विचारतो, तू त्यांना सोडलंस, मग आमचं काय? न्यायी देव दयाळू कसा असू शकतो, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनी दोन हजार वर्षं उलटसुलट तपासला. त्याचं सगळ्यात धारदार रूप मात्र या चिडलेल्या संदेष्ट्याच्या तोंडी आहे.

देवाला सुनावताना योना जे शब्द वापरतो ते त्याचे स्वतःचे नाहीत. ते निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायातले आहेत. तिथे सीनाय पर्वतावर देव मोशेसमोर स्वतःचं वर्णन करतो. या वर्णनाचे दोन भाग आहेत. पहिल्यात देव करुणामय, मंदक्रोध, अपराधांची क्षमा करणारा आहे. दुसऱ्यात, त्याच वाक्याच्या ओघात, तोच देव दोषी माणसाला मोकळं सोडत नाही. योना पहिला भाग म्हणतो आणि थांबतो. बायबलमध्ये निनवेविषयी आणखी एक छोटं पुस्तक आहे, नहूमचं. ते त्या शहराच्या विनाशाचं भाकीत आहे, आणि निनवे इ.स.पू. 612मध्ये खरोखरच पडलं. तो नहूमही हेच वाक्य घेतो. मंदक्रोध हा शब्द तो ठेवतो, करुणा गाळतो आणि दोषी सुटणार नाही हा भाग ठणकावून सांगतो. शहर एक, वाक्यही एक. एका संदेष्ट्याच्या वाट्याला त्याचा अर्धा भाग आला, दुसऱ्याच्या वाट्याला उरलेला.

यहुदी उपासनेनं तर त्या वाक्याच्या क्रियापदालाच कात्री लावली. हिब्रूत जोर देण्यासाठी एकाच क्रियापदाची दोन रूपं शेजारी ठेवतात. त्यामुळे मूळ शब्दांचा अर्थ होतो, मोकळं म्हणून सोडणारच नाही. प्रार्थनेत मात्र पहिलं रूप म्हणतात आणि नकार येण्याआधीच थांबतात. उरतं ते ‘मोकळं सोडणारा’. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्या लोकांनी धर्मग्रंथाचं अक्षरन्‌ अक्षर मोजून जपलं, त्यांनीच देवासमोर उभं राहताना वाक्य अर्ध्यावर सोडलं. लिहिलेलं त्यांनी बदललं नाही. म्हणताना तेवढा श्वास आवरला.

पण दोन्ही भाग एका वाक्यात मुळात नांदतात कसे? मला वाटतं, गुरुकिल्ली त्याच वाक्यातल्या एका साध्या क्रियापदात आहे. अनुवादात जिथे आपण ‘क्षमा करणारा’ वाचतो, तिथे हिब्रूत ‘नासा’ हे क्रियापद आहे. त्याचा रोजच्या वापरातला अर्थ आहे उचलणं, वाहून नेणं. ओझं उचलायलाही हाच शब्द. म्हणजे देव अपराध पुसत नाही, तो ते वाहतो. काइनानं भावाचा खून केला आणि शिक्षा ऐकली, तेव्हा तो म्हणाला की माझ्यानं हे वाहवणार नाही. तिथेही हेच क्रियापद आहे, आणि वाहायच्या ओझ्यासाठी ‘आवोन’ हा तोच शब्द आहे. या शब्दात अपराध आणि त्याची शिक्षा हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. काइनाला जे पेललं नाही ते मोशेचा देव स्वतःच्या वर्णनात आपल्या खांद्यावर घेतो. लेवीय पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवशी सगळ्यांचे अपराध डोक्यावर घेऊन रानात जाणारा बोकड आहे. तोही ‘नासा’च करतो. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला, पुष्कळांचं पाप सोसणारा सेवकही तेच करतो. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी येशूचं मरण याच अध्यायाच्या उजेडात वाचलं.

त्याच वाक्यातला करुणेचा शब्दही असाच देहातून आलेला आहे. हिब्रूत करुणा म्हणजे ‘रहमीम’, आणि त्याचं नातं ‘रेहेम’शी, म्हणजे गर्भाशयाशी. अरबी ही हिब्रूची बहीण. म्हणून उर्दूतून आपल्या ओळखीचे झालेले ‘रहम’ आणि ‘रहीम’ हे शब्द त्याच मुळाचे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडे थोरामोठ्यांची क्षमा मागताना काय म्हणतात? माझे अपराध पोटात घाला. विसरा असं म्हणत नाहीत, पुसून टाका असंही नाही. पोटात घाला. जे पोटात घातलं ते नाहीसं होत नाही, ते घेणाऱ्याला पचवावं लागतं. हिब्रूच्या वाऱ्यालाही न उभ्या राहिलेल्या आपल्या आजीपणजींच्या तोंडी हा शब्दप्रयोग सहज होता.

आता एक पेटी डोळ्यांसमोर आणा. जेरुसलेमच्या पहिल्या मंदिराच्या अगदी आतल्या, अंधाऱ्या गाभाऱ्यात ती असे. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, सोन्यानं मढवलेली. मराठी बायबल तिला कराराचा कोश म्हणतं. पेटीत दहा आज्ञांच्या दगडी पाट्या, म्हणजे कायदा. वर शुद्ध सोन्याचं झाकण. त्या झाकणासाठी मराठी अनुवादकांनी जो शब्द घडवला तो मला फार आवडतो: दयासन. खाली कायदा, वर दया, आणि त्या दयेवर देवाचं सान्निध्य. वर्षातून एकदा, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या त्याच दिवशी, महायाजक एकटा आत जाई आणि रक्त शिंपडी ते या झाकणावर. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घ्यायची आणि दिवसभर कडक उपास धरायचा. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी जगभरच्या सिनेगॉगमध्ये जे पुस्तक वाचतात ते कोणतं? योनाचं.

इ.स. 57च्या सुमारास पौलानं रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं. त्यात न्याय आणि दया एकत्र कशा येतात हे सांगताना तो येशूसाठी ‘हिलास्तेरियोन’ हा ग्रीक शब्द वापरतो. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हा शब्द त्या पेटीच्या झाकणासाठी आलेला आहे. मराठीत इथे आपण ‘प्रायश्चित्त’ म्हणतो, आणि त्यामुळे एक गाठ बसते. आपल्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्त करायचं असतं पाप करणाऱ्यानं. कृच्छ्र असो की चांद्रायण, उपास ज्याचा त्यानं करायचा. लेवीय पुस्तकात ते याजक दुसऱ्यासाठी करतो. पौल तर म्हणतो की ज्याचा अपराध झाला त्या देवानंच ते पुढे केलं. मराठी वाचक इथे चमकला नाही, तर शब्द ओळखीचा असल्यामुळे अर्थ निसटला असं समजावं.

यावरचा सगळ्यात बोचरा आक्षेप 1594मध्ये छापून आला. फाउस्तो सोझ्झिनी हा इटालियन विचारवंत पोलंडमध्ये आश्रयाला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कर्ज एकतर माफ होतं किंवा फेडलं जातं. माफ केलं असेल तर फेडायचं काय उरलं? आणि ख्रिस्तानं ते फेडलं असेल तर देवानं माफ काय केलं? प्रश्न बिनतोड वाटतो. पण महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला कर्जमाफी ठाऊक असते. कर्ज माफ होतं तेव्हा रक्कम हवेत विरत नाही. सातबारा कोरा होतो, कारण बँकेतला खड्डा सरकारी तिजोरीतून भरावा लागतो. आणि सावकारानं स्वतःच माफ केलं तर तेवढी झीज त्यानं स्वतः सोसलेली असते. माफ करणारा हाच फेडणारा असेल तर माफ आणि फेड एकाच कृतीची दोन नावं होतात. येशू हा देव आणि माणूस यांच्यामधला कुणी तिसरा असेल तर सोझ्झिनी बरोबर आहे. तो तसंच मानत होता. ख्रिस्ताचं देवत्व त्यानं नाकारलं होतं. पण क्रुसावर स्वतः धनकोच असेल, तर आक्षेपाला उभं राहायला जागा उरत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत येशू देव आहे की नाही हा नुसता मानपानाचा प्रश्न नाही. न्याय आणि दया यांचा सगळा हिशेब त्यावर टेकलेला आहे.

ही तर्काची वाट सोझ्झिनीच्या पाचशे वर्षं आधी अँसेल्मनं बांधली होती. 1033मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी आओस्ता इथे जन्मलेला हा संन्यासी पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला, इंग्लंडच्या राजाशी भांडला आणि परागंदा झाला. 1098मध्ये त्या परागंदा अवस्थेतच त्यानं, देव माणूस का झाला, या प्रश्नावरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्यात बोसो नावाचा त्याचा शिष्य प्रश्न विचारतो आणि अँसेल्म उत्तरं देतो. देवानं नुसत्या दयेनं सोडून का दिलं नाही? कारण मग अपराध केलेला आणि न केलेला देवाच्या लेखी सारखेच ठरतील. या उत्तरात मला लाखीशची भिंत दिसते. सोलणाऱ्याला आणि सोलला गेला त्याला एकाच मापानं मोजणारी दया ही दया नव्हेच, ती बेपर्वाई झाली.

अँसेल्मला अनेकजण रुक्ष हिशेबनीस ठरवतात आणि पुढच्या काळातल्या प्रवचनांचं पाप त्याच्या माथी मारतात. रागावलेल्या बापाला कुणाला तरी झोडायचं होतं, मुलगा मध्ये पडला, ते त्या प्रवचनांतलं चित्र. निरपराध्याला फटके देऊन अपराध्याला सोडणारा न्यायाधीश न्यायीही नव्हे, दयाळूही नव्हे. हे चित्र मला असह्य वाटतं. अँसेल्मचं म्हणणं ते नव्हतं. त्याच्या मते एकतर शिक्षा होते किंवा भरपाई. दोन्ही एकत्र नाहीत. येशूनं शिक्षा भोगली असं तो म्हणत नाही. त्यानं प्रेमानं इतकं मोलाचं काही दिलं की भरपाई होऊन पुन्हा उरलं, असं तो म्हणतो. भरपाई माणसाकडून यायला हवी आणि ती देण्याची ऐपत फक्त देवाकडे आहे. म्हणून देव माणूस झाला.

पुढच्या शतकात क्लेरव्होच्या बर्नार्डनं हाच विचार गोष्ट करून सांगितला. पंच्याऐंशीव्या स्तोत्रात दया आणि सत्य भेटतात, न्याय आणि शांती एकमेकींचं चुंबन घेतात अशी एक प्रतिमा आहे. बर्नार्डच्या प्रवचनात या चौघी बहिणी होतात आणि माणसाच्या खटल्यावरून देवाच्या दरबारात भांडतात. सत्य म्हणते, तो मेला नाही तर मी मेले. दया म्हणते, तो मेला तर मी मेले. निकाल असा लागतो की मरण चांगलं व्हावं. कुणीतरी ऋणी नसताना केवळ प्रेमापोटी मरावं. सत्य सगळी पृथ्वी धुंडाळते, तिला निष्कलंक कुणी सापडत नाही. दया स्वर्ग पालथा घालते, तिला एवढं प्रेम असलेलं कुणी सापडत नाही. मग निकाल देणारा स्वतःच उठतो. या चौघींचं भांडण युरोपला इतकं भावलं की पुढे ते नाटकांतून रंगमंचावर आलं.

तेराव्या शतकातला थॉमस अक्विनास याला अशा नाट्याची गरज वाटत नाही. तो खिशातली नाणी काढतो. मी तुमचे शंभर देणं लागतो आणि दोनशे दिले, तर मी अन्याय केला का? नाही, न्याय पुरा करून मी पुढे गेलो. तशी दया न्यायाला मोडत नाही, त्याच्या पलीकडे जाते. त्याच्याही पुढचं त्याचं वाक्य मला थक्क करतं. तो म्हणतो, न्यायाच्या मुळाशीच दया आहे, कारण देणंघेणं सुरू व्हायला आधी कुणीतरी असावं लागतं, आणि आपण असावं हे देव कुणाचं देणं लागत नव्हता.

आणि मग इसहाक. त्याला ही सगळी जुळवाजुळवच मान्य नाही. हा सातव्या शतकातला संन्यासी, इराणच्या आखाताच्या काठचा, सिरियाक भाषेत लिहिणारा. देवाला न्यायी म्हणूच नका, असं तो स्पष्ट सांगतो. दिवसाच्या शेवटच्या तासाला कामावर आलेल्या मजुराला पूर्ण रोज देणारा मळेवाला, आणि सगळं उधळून आलेल्या मुलाच्या गळ्यात धावत जाऊन पडणारा बाप, हे न्यायात कुठे बसतात, असं तो विचारतो. मी अँसेल्मच्या बाजूचा माणूस आहे, तरी इसहाकला उत्तर देताना माझी जीभ अडखळते. पेटीतल्या पाट्यांना अँसेल्म जपतो. इसहाक दयासनाखाली पाहायलाच तयार नाही.

इसहाकला बिशप नेमलं होतं. परंपरा सांगते की पहिल्याच दिवशी दोघे भांडत आले. एकाचं दुसऱ्याकडे येणं होतं; आत्ता दे, नाहीतर न्यायाधीशापुढे चल. इसहाक म्हणाला, शुभवर्तमान तर दिलेलं परत मागू नको म्हणतं, निदान एक दिवसाची मुदत दे. धनको म्हणाला, शुभवर्तमान तूर्त बाजूला ठेवा. इसहाक म्हणाला, ते बाजूला ठेवायचं असेल तर मी इथे कशाला आलो? पाच महिन्यांत त्यानं पद सोडलं, डोंगरात गेला, आणि वाचून वाचून अखेर त्याची दृष्टी गेली. ज्या शहराचा तो बिशप होता ते शहर निनवे.

योनाची कबर जिथे आहे असं मानलं जाई ती निनवेतल्या टेकडीवरची मशीद जुलै 2014मध्ये आयसिसनं सुरुंग लावून उडवली. निनवेच्या जागी आज असलेल्या मोसुलच्या ख्रिस्ती लोकांना त्याच महिन्यात शहर सोडावं लागलं. त्यांच्या सिरियाक परंपरेत दरवर्षी मोठ्या उपासकाळाच्या तीन आठवडे आधी तीन दिवसांचा ‘निनवेचा उपास’ असतो, माफी मिळालेल्या त्या शहराच्या आठवणीचा. ही परंपरा फार पूर्वी समुद्रमार्गे केरळातही पोचली. कोट्टायमजवळच्या कुरविलंगाडला त्या तीन दिवसांतल्या मंगळवारी योनाचं लाकडी जहाज वादळात सापडल्यासारखं हेलकावे देत मिरवतात, आणि गावकरी ते खांद्यावर वाहतात.